घोट्याएवढं पाणी

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बिल्डिंगमध्ये विचारा, भाजीवाल्याला विचारा, मालाडच्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी आयुष्य काढलं तिथे विचारा. माझी आई तिच्या मालवणीत म्हणायची, "हिच्या नाकार माशीसुद्धा बसूक भियाता." समोरच्याने तेच दोनदा सांगितलं की माझा पारा चढतो, आणि चढला की समोर कोण आहे ते मी बघत नाही. या स्वभावापायी मी बरीच माणसं तोडली आणि त्याचं फारसं वाईट वाटून घेतलं नाही. पण एक तळं गेलं, त्याचं वाटतं. रोज वाटतं.

तळं चारकोपच्या मागच्या अंगाला होतं. सेक्टरच्या बिल्डिंगी संपल्या की नाला, नाल्यापलीकडे तिवरं, आणि तिवरांमधून खाडीकडे जाणारी पायवाट. त्या वाटेवर उजव्या हाताला मोठी सखल जागा होती. एका बाजूने मातीचा बांध आणि बांधाला एक दार. कोळीवाड्यातले लोक त्या दाराला उघाडी म्हणतात. दोन दगडी खांब, त्यांना उभ्या खाचा, खाचांत वरून फळ्या सोडल्या की पाणी अडायचं. फार पूर्वी तिथे कोळंबी व्हायची. ती बंद होऊन जमाना लोटला होता आणि फळ्या काढून बांधावर रचून ठेवलेल्या होत्या. भरतीचं पाणी आपलं आपण यायचं, ओहोटीला आपलं आपण जायचं. मध्ये चिखल, थोडं पाणी, दोन-तीन बुटके उंचवटे. बघणाऱ्याला त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

मी तिकडे गेले ती शुगरमुळे. डॉक्टरने रोज चालायला सांगितलं होतं. सेक्टरच्या बागेत चालायला जावं तर तिथे बायका सुनांची गाऱ्हाणी घेऊन बसलेल्या, माझं डोकं उठायचं. म्हणून एक दिवस उलट्या दिशेला चालायला लागले. बांधावर चढले आणि मागून आवाज आला, "ए बाय, उतर खाली. बांध ओला हाय, तुज्या वजनानं खचंल."

माझ्या वजनावर बोलणाऱ्याला मी सोडत नाही. वळून बघितलं तर हाफ पँट घातलेला एक म्हातारा चिखलात उभा. मी चांगले चार शब्द सुनावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "झालं? आता उतर."

मी उतरले. अशी आमची ओळख झाली.

ते एकेकाळी बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट आणि बोटीवरचे खलाशी त्यांच्या हुकमात. गुडघे गेल्यावर समुद्र सुटला, बोट मुलाकडे गेली, पण कोळीवाडा अजून त्यांना तांडेलच म्हणायचा. मी तांडेलदादा म्हणायला लागले. ही उघाडी त्यांच्या वडिलांनी सांभाळली होती, त्यांच्यानंतर यांनी. आता सांभाळण्यासारखं काही राहिलं नव्हतं तरी ते रोज यायचे, बांधाला कुठे खेकड्याने भोक पाडलंय का बघायचे, चार फावडी माती टाकायचे आणि घरी जायचे. का, असं मी एकदा विचारलं. "सवय," म्हणाले.

त्या हिवाळ्यात पौर्णिमेच्या आसपास मी दुपारी तिकडे गेले होते, रविवारचा वेळ जात नव्हता म्हणून. खाडीला उधाणाची भरती चढत होती. आणि खाडीकडून पक्ष्यांचे थवेच्या थवे आले, आमच्या त्या भिकार चिखलात उतरले आणि अगदी खेटून, एका पायावर, चोच पाठीत खुपसून उभे राहिले. शेकड्यांनी. मी तोंड उघडं टाकून बघत बसले. तांडेलदादा म्हणाले, "आजच नाय आली, नेहमीच येतात. खाडीतला चिखल पान्याखाली गेला की यांना पाय टेकायला जागा नाय. मग दोन तास इथं. पानी उतरलं की परत जेवायला खाडीत."

लॅबमध्ये माझं अर्धं आयुष्य मोजण्यात गेलं होतं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, वर मायक्रोस्कोप, आणि हातात अंगठ्याने दाबायचं मोजणीचं छोटं यंत्र. पांढऱ्या पेशी प्रकारवार मोजायच्या, शंभर झाल्या की थांबायचं. मग लॅबमध्ये मोठं मशीन आलं, रक्त घातलं की आकडे छापून बाहेर. माझं अंगठ्याचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. पुढच्या रविवारी ते घेऊन मी बांधावर गेले आणि टकाटक मोजायला लागले. कुणासाठी, कशासाठी, काही माहीत नव्हतं. हाताला काम मिळालं एवढंच.

हे मोजणं रीतीने करायला शिकवलं ते एका संशोधक मुलीने. ती खाडीकाठच्या पक्ष्यांवर अभ्यास करत होती, गळ्यात दुर्बीण, अंगावर चिखल, आणि बोलणं एकदम मुद्द्याचं. माझी वही बघितली आणि म्हणाली, "ताई, मोजता छान, पण लिहिता वाईट." दुसरं कुणी असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. तिचं ऐकलं, कारण ती बरोबर होती. ज्या रविवारी पक्षी कमी, तो रविवार मी वहीत घेतच नव्हते. त्यात काय लिहायचं, असं वाटायचं. ती म्हणाली, "कमी आले तेही लिहायचं, आले नाहीत तेही लिहायचं. नाहीतर पुढे कमी झाले हे तुम्ही कशावरून सांगणार?" मग तिने छापील तक्ते आणून दिले. तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाणी किती खोल, कुठला पक्षी किती. आणि एक नियम तिने ठासून सांगितला. जे उतरले तेच मोजायचे. वरून गेलेले मोजायचे नाहीत. जागा कशाच्या कामाची आहे ते उतरलेला पक्षी सांगतो, उडणारा काहीच सांगत नाही.

पाण्याची खोली कशी मोजायची यावरून मजा झाली. ती मुलगी खुणा केलेली काठी रोवून गेली, ती आठवड्यात कुणीतरी उपटून नेली. दुसरी रोवली, तीही गेली. तिसऱ्या वेळी तांडेलदादा म्हणाले, "काठी कशाला पाहिजे, मी हाय की." ते उंचवट्याच्या कडेला, ठरलेल्या एका दगडापाशी पाण्यात उभे राहायचे आणि ओरडून सांगायचे, "घोटा." कधी "पोटरी." क्वचित "गुडघा." मी तसंच लिहायचे. मुलीला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून हसली, आणि मग शिंप्याची टेप आणून तांडेलदादांचा पाय मोजून घेतला. घोट्यापर्यंत किती, अर्ध्या पोटरीपर्यंत किती. तक्त्याच्या खाली तळटीप दिली. त्यांच्या बायकोने, जी मालाडला मासे विकायला बसायची, हे ऐकून विचारलं, "आता तुजा पाय सरकार घेनार काय?"

असे सहा हिवाळे आम्ही मोजलं. दर पंधरवड्याला, पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला, भरतीच्या वेळी. टिलवे, चिखल्या, शेकाट्ये, पाणटिवळे, सगळे चिखलात पाय टेकणारे पक्षी. पाणटिवळ्यांत एकीच्या पायात पिवळी पट्टी होती. कुठेतरी लांब उत्तरेला कुणीतरी तिला पकडून पट्टी घालून सोडलेली. ती तीन हिवाळे ओळीने आली, आणि आली की उघाडीकडच्या कोपऱ्यातच उभी राहायची. हजारो मैल उडून येणारा पक्षी आणि त्याला चारकोपच्या मागचा नेमका तो कोपरा आठवतो, हे मला अजून पचत नाही. मोजून झालं की तांडेलदादा विचारायचे, "किती?" मी आकडा सांगायचे. तो आकडा ते घरी जाऊन बायकोला सांगायचे. तिच्या तोंडून तो दुसऱ्या दिवशी सगळ्या मासळीबाजारात व्हायचा.

लोकांना मात्र काही पडलेली नव्हती. बिल्डिंगमधल्यांना सांगितलं की पहिला प्रश्न, "फ्लेमिंगो आहेत का?" नाहीत म्हटलं की झालं. मग काय बघायचं तिथे. गुलाबी नसेल तर तो पक्षी नाही, असं यांचं गणित. मी यावरून दोघींशी बोलणं टाकलं होतं.

मग तळ्यावर संकट आलं. संकट कसलं, जे सगळीकडे येतं तेच. जागा कुणाची यावर कागद निघाले. नाल्याच्या बाजूने डेब्रिजचे ट्रक रिकामे व्हायला लागले. कोळीवाड्यातल्या पोरांनी अर्ज केला, त्यावर माझंही नाव घातलं, संशोधक मुलीने आमची सहा वर्षांची वही व्यवस्थित टाइप करून जोडली, आणि जागा पाणथळ म्हणून यादीत घ्यावी अशी मागणी झाली. समोरच्या बाजूचं म्हणणं एकच, ही पाणथळ नाहीच, कोरडी पडीक जमीन आहे. शेवटी ठरलं की एक समिती प्रत्यक्ष येऊन बघेल. यादीत आलं तर भराव थांबणार, नाहीतर तळं गेलं. इतकं सरळ होतं.

तारीख कळली. पौर्णिमेनंतरची द्वितीया, वेळ दुपारची. म्हणजे उधाणाचे दिवस आणि ऐन भरती. मुद्दाम मागून मिळाली नसती अशी वेळ. संशोधक मुलगी तेव्हा कामासाठी दुसऱ्या राज्यात होती, तिने फोनवर दोनदा बजावलं, "ताई, काही बदलू नका. नेहमी असतं तसंच दाखवा." दोनदा बजावलं, तिथेच माझं डोकं फिरलं. मला काय कळत नाही का?

भीती मला वेगळीच होती. त्या वर्षी डेब्रिजमुळे उघाडीबाहेरची वाट अर्धी बुजली होती, पाणी कमी यायचं. समिती भरतीच्या आधी पोचली तर त्यांना काय दिसणार? भेगाळलेला चिखल आणि मधे एक डबकं. म्हणतील, हेच का तुमचं तळं, ही तर कोरडी जमीन. समोरच्यांना हेच हवं होतं. मी तीन दिवस हाच विचार करत होते. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की आपण घर आवरतो, पडदे बदलतो, ठेवणीतल्या कपबशा काढतो. माझ्या डोक्यात तेच बसलं. बघायला येणारेत, तर तळं भरलेलं दिसलं पाहिजे.

पौर्णिमेला सकाळीच मी तांडेलदादांच्या घरी गेले. म्हटलं, फळ्या घाला. आज भरती चढली की पाणी आत घ्यायचं आणि वरून फळ्या सोडायच्या. उद्या तेच. परवापर्यंत तळं काठोकाठ झालं पाहिजे.

ते ओट्यावर जाळं विणत बसले होते. हात थांबवून म्हणाले, "पानी जास्ती होईल, बाय."

"होऊ दे. पाणथळ आहे तर पाणी नको दिसायला?"

"तुजी पाखरं उंदराएवढी. एवढ्या पान्यात उभी कशी रहायची?"

ते दुसऱ्यांदा तेच सांगत होते. आणि मी, जिने सहा वर्षं स्वतःच्या हाताने तक्ते भरले ती मी, त्यांना म्हणाले, "दादा, तुम्ही फळ्यांचं बघा. पाखरांचं मी बघते."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. ज्या माणसाच्या एका हाकेवर समुद्रात खलाशी हलायचे, तो माझं ऐकून उठला. मला तेव्हा वाटलं, पटलं असेल. पटलं वगैरे काही नव्हतं. मी शिकलेली, तक्तेवाली, माझं नाव अर्जावर, म्हणून त्यांनी मान ठेवला.

द्वितीयेला बारा वाजता मी बांधावर पोचले तेव्हा तळं असं दिसत होतं की मी मनातल्या मनात खूश झाले. काठोकाठ पाणी, वर तिवरांची सावली, पलीकडे बिल्डिंगी उलट्या दिसतायत. उंचवटे कुठेच दिसत नव्हते. ते दिसत नाहीत हे मी बघितलं आणि तरी मला काही सुचलं नाही. सवयीने मी तक्ता काढला. तांडेलदादा त्यांच्या दगडापाशी उतरले. उभे राहिले. खाली पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मांडी."

सहा वर्षांत तो शब्द मी तक्त्यात कधी लिहिला नव्हता. तळटिपेत त्याचं मापही नव्हतं. मी घड्याळात बघितलं, फळ्या काढल्या तर काय होईल याचा विचार केला. बाहेर भरती चढत होती, पाणी आत आलं असतं, उतरलं नसतं. आणि तेवढ्यात नाल्याकडून समितीची माणसं येताना दिसली.

तिघे होते. माणसं वाईट नव्हती, हे मला सांगायलाच पाहिजे. मी त्यांना शिव्या घालायला मोकळी झाले असते तर बरं झालं असतं. एक वयस्क अधिकारी, उन्हाने घामाघूम झालेले, एक मोजमाप घेणारा, आणि एक पक्ष्यांतला जाणकार, तरुण, दुर्बीण वगैरे घेऊन आलेला. त्यांनी मला नीट विचारलं, मी नीट सांगितलं. आता येतील, म्हटलं. भरती चढली की येतात.

आणि आले की. वेळेवर आले, नेहमीसारखेच, खाडीकडून खालून उडत, आधी टिलवे, मागे पाणटिवळे. तळ्यावर आले, खाली झुकले, उतरायला पाय खाली सोडले. टिलव्याचा पाय काडेपेटीतल्या काडीएवढा असतो. खाली मांडीएवढं पाणी. ते परत वर उठले. एक फेरी मारली, दुसरी मारली. पिवळी पट्टी त्यात होती का नव्हती, उडताना कळत नाही. तिसऱ्या फेरीला सगळे वळले आणि मढच्या दिशेला दिसेनासे झाले. दोन बगळे तेवढे काठावरच्या तिवरावर बसून राहिले.

"हे ना? हेच येतात," मी जाणकाराला म्हटलं. "तुम्ही बघितलंत ना आत्ता? शेकड्यांनी होते."

तो तरुण अवघडला. म्हणाला, "मॅडम, वरून गेलेले धरता येत नाहीत. तुम्हाला माहीतच असेल." मला माहीत होतं. मी त्याच्याशी भांडूसुद्धा शकले नाही.

वयस्क अधिकारी तोवर उघाडीपाशी जाऊन उभे होते. फळ्यांवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "पाणी तुम्ही अडवता का इथे?" मी तोंड उघडायच्या आत तांडेलदादा म्हणाले, "मी अडवलं साहेब. मीच फळ्या टाकल्या."

अहवाल दीड महिन्याने आला. पोरांनी मला मोबाईलवर दाखवला. दरवाजा बसवून पाणी साठवलेलं, खोल, मानवनिर्मित तळं. नैसर्गिक पाणथळ म्हणता येत नाही. पाहणीच्या वेळी, ऐन भरतीला, पाणपक्षी उतरलेले आढळले नाहीत. नोंदवहीतले आकडे प्रत्यक्ष पाहणीशी जुळत नाहीत. शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सहा हिवाळ्यांची वही माझ्या एका दिवसाने खोटी पडली होती. ट्रक रोखण्यासाठी लोकांनी आणखी अर्ज केले, त्यांची उत्तरं आली नाहीत, आणि पावसाच्या आधी अर्धं तळं बुजलंसुद्धा.

संशोधक मुलीला मी फोनवर सगळं खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, वहीत होतं ना सगळं." मी वही काढून बसले. सगळे तक्ते पुन्हा चाळले. जिथे जिथे मोठे आकडे तिथे शेजारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात, घोटा, घोटा, घोटा. पोटरी असेल तिथे निम्मे. गुडघा असेल तिथे पाच-सात शेकाट्ये, कारण त्यांचे पाय लांब. शाळकरी मुलाने बघितलं असतं तरी कळलं असतं. मी हे सहा वर्षं लिहीत होते आणि वाचलं आज.

कोळीवाड्यात बोलणं झालंच. फळ्या कुणी टाकल्या, का टाकल्या, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं का. तांडेलदादांच्या मुलाने चारचौघांत त्यांना सुनावलं असं मला त्यांच्या बायकोने बाजारात सांगितलं. तिला खरं ठाऊक नव्हतं. सुरमई कापता कापता म्हणाली, "जनम त्या उघाडीवर काढला, आन शेवटी हे." मी पिशवी धरून उभी होते. त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं, वहिनी, तुमच्या नवऱ्याला मी सांगितलं होतं. नाही सांगितलं. दुसऱ्यांच्या चुका काढायला माझी जीभ केवढी चालते, आणि तिथे वळली नाही. सुरमई घेऊन घरी आले आणि ती फ्रीजमध्ये तशीच राहिली.

पुढचा हिवाळा आला. तळ्याच्या जागी आता सपाट भराव आहे, विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, प्लास्टिक. उघाडीचे दोन खांब तेवढे वर डोकं काढून आहेत. मोजायला जायचं कारण नव्हतं. तरी कार्तिकातल्या पौर्णिमेला मी तक्ते घेऊन गेले. न आलेले पण लिहायचे, हा नियम आहे. तांडेलदादा येऊन बसलेच होते, खांबाला टेकून. चालताना आता त्यांना काठी लागते.

मी शेजारी बसले. बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं विसरले आणि म्हणाले, "दादा, चूक माझी होती. मी सगळ्यांना सांगणार आहे."

"मना ठाव हाय," ते म्हणाले. "पाय माजा होता. पानी किती झालं ते मना नाय ठाव होनार तर कोनाला?"

"मग जोरात का नाही बोललात? ओरडायचं माझ्यावर."

"ओरडलो असतो तर ऐकली असतीस?"

मी विचार केला. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "नसतं ऐकलं," म्हटलं.

"मग," ते म्हणाले, आणि लगदा झालेला एक कागद काठीने उगाच उलटापालटा करत राहिले.

भरती चढत होती. खाडीतला चिखल गेला असणार. मी तारीख लिहिली, तिथी लिहिली, वेळ लिहिली. पाण्याच्या रकान्यापाशी हात थांबला. ते बघून तांडेलदादा काठीवर भार देऊन उठले, आधी जिथे दगड होता तिथवर भरावावरून चालत गेले, तिथे लाद्यांच्या तुकड्यांवर उभे राहिले आणि मला सांगितलं, "कोरडं." मी लिहिलं.

मग ते आले. खाडीकडून, खालून, आधी टिलवे, मागे पाणटिवळे. नेमके तिथेच, उघाडीच्या कोपऱ्यावर येऊन त्यांनी पाय खाली सोडले आणि परत उचलले. फेरी मारली. माझा अंगठा यंत्रावर होता आणि डोळे सवयीने दहा-दहाचे गठ्ठे करत होते. दुसरी फेरी. पंखांचा आवाज इतका जवळून येत होता की तांडेलदादांनी डोक्यावरची टोपी धरली. तिसऱ्या फेरीला ते वळले आणि गेले. कुठे जात असतील, कुठे पाय टेकत असतील, मला माहीत नाही. मढकडे आता तशी जागा उरलेली नाही.

तांडेलदादा परत येऊन बसले. दम खाल्ला आणि नेहमीसारखं विचारलं, "किती?"

घरी जाऊन ते बायकोला सांगणार होते. मी तक्ता त्यांच्यापुढे धरला. त्यांना वाचता येत नाही, पण शून्य ओळखता येतं.